उजवीकडचं घर

चहाचा डबा उजवीकडे होता. साखरेचाही. गाळणी, सांडशी, लायटर, कप, बशा, सगळं ओट्याच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवलेलं, आणि डावा अर्धा ओटा पुसून लख्ख मोकळा. मागच्या भेटीत हेच सामान ओटाभर पसरलेलं होतं. थेरपिस्टच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आजींना पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले होते. डोळे चांगले होते, पण मेंदूने डावी बाजू विचारात घ्यायचंच सोडलं होतं. ताटातलं उजवीकडचं संपवायच्या आणि डावीकडचं तसंच ठेवून ‘आज कमीच वाढलं’ म्हणून कुरकुरायच्या. मागच्या महिन्यात डाव्या बर्नरवर भांडं जळून कोळसा झालं, तेव्हा मुलाने ठरवलंच, आई आता एकटी राहणार नाही. वृद्धाश्रमातली खोलीही बघून ठेवली. आजी त्याला बधत नव्हत्या, म्हणून सगळं थेरपिस्टच्या अहवालावर येऊन ठेपलं होतं. दुखण्यातून उठलेल्या माणसाला स्वतःच्या घरात रोजची कामं जमतात का हे घरी जाऊन बघायचं, न जमणारी जमवून द्यायची, हेच तिचं काम.

“करा आजी चहा. मी इथे नाहीच असं समजा.”

“कसं समजू? चांगली वही-पेन घेऊन उभी आहेस,” आजी म्हणाल्या.

चहा झाला. थेंब सांडला नाही. फारच छान झाला, आणि तेच तिला खटकलं. दहा वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत उभं राहून तिला एवढं कळत होतं, की तपासणीच्या दिवशी माणसं पाठांतर करून बसतात. कुणीतरी आजींकडून हे घोकून घेतलं होतं. शेजारीण असेल. तिची ये-जा जरा जास्तच होती.

आजी कपात चहा गाळत असताना तिने चहाचा डबा हळूच उचलून डावीकडे ठेवला. “माझ्यासाठीही करता अर्धा कप?”

आजींनी हात लांबवला. हात रिकामी जागा चाचपत राहिला. दारात उभ्या मुलाने थेरपिस्टकडे पाहिलं, बघा, मी म्हणत नव्हतो? आजी जरा थांबल्या. मग उजवीकडे वळल्या, आणखी वळल्या. फ्रिज, दार, दारातला मुलगा, खिडकी असं करत स्वतःभोवती जवळजवळ पूर्ण चक्कर मारली आणि समोर आलेल्या डब्यावर हात ठेवला.

“तू हलवलास,” त्या थेरपिस्टला म्हणाल्या.

ती ओशाळली, पण संशय काही गेला नाही. आता आधण डाव्या बर्नरवर ठेवायला सांगू म्हणून ती पुढे झाली, तर त्या बर्नरला बटणच नव्हतं. नुसता दांडा. तिचा पारा चढला. आईचा गोंधळ उडावा म्हणून मुलानेच तर नाही?

“हे तुम्ही काढलंत?”

“मी? मॅडम, मी आत्ता सकाळी आलोय. मला अजून चहासुद्धा मिळालेला नाही.”

“मग शेजारच्या काकूंनी? सामान कुणी हलवलं? आजींकडून हे सगळं कुणी बसवून घेतलं? खरं सांगा, मला अहवालात लिहावं लागेल.”

“लिही ना,” आजी म्हणाल्या. “मी केलं. भांडं जळलं ते मला दिसलं नाही, वास आला. तेव्हा कळलं, तिकडे माझं काही चालत नाही. आठवडाभर एकेक वस्तू इकडे आणली. बटण चमचा घालून उचकटलं, दोनदा बोट चेमटलं. जे मला दिसत नाही, ते मी पेटवू कशाला?”

तीन महिने थेरपिस्ट ओट्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून आजींची मान तिकडे वळवायचा आटापिटा करत होती. माणूस घराला जुळत नसेल तर घर माणसाला जुळवून घ्या, हे ती घरोघर पढवत आली होती. इथे ते कुणी न सांगता झालं होतं, आणि ती चोर पकडायला निघाली होती. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“पण जिना? रस्ता?” मुलाचा आवाज चिरकला. “डावीकडून एखादी गाडी आली तर, आई?”

“एकटी उतरतेच कुठे मी? शेजारीण असते. तिला सांगून ठेवलंय, माझ्या डावीकडून चालायचं.”

मुलगा भिंतीला टेकला. त्याची भीती खोटी नव्हती, पण आता ती ठेवायची कुठे हे त्याला समजेना.

थेरपिस्टने टेबलाशी बसून अहवाल लिहिला, सही केली आणि कागद आजींपुढे सरकवला. आजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “स्वतःच्या घरी एकट्या राहू शकतात.”

वाचून झालं तरी त्या खूश दिसेनात. कागदाकडे, मग थेरपिस्टकडे, मग पुन्हा कागदाकडे त्यांनी रोखून पाहिलं. बोटाने कागद उजवीकडे ओढला, आणखी ओढला, इतका की तो टेबलाच्या कडेवरून अर्धा खाली लोंबायला लागला. तेव्हा कुठे त्याच ओळीची सुरुवात त्यांना सापडली. ‘महिनाभराने होणाऱ्या पुढच्या तपासणीपर्यंत’.

“वाटलंच मला,” आजी म्हणाल्या. “ये. पण सांगून येऊ नकोस. सांगून आलीस की तुला उगाच वाटतं, मी तयारी केलीय.”