झेंड्यांवरून रंग

तीन वर्षांच्या ईश्वरीची बेळगावातल्या इंग्रजी शाळेत नर्सरीची मुलाखत ठरली, तसं येळ्ळूरच्या भावकूआप्पांनी नातीला रंग शिकवायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

सून मंगल रंगांचं पुस्तक आणायला निघाली, तर म्हणाले, "पुस्तक कशाला गं? रस्त्यानं मराठी झेंडे हैत, कन्नड झेंडे हैत. आणि काय पायजे?"

पंधरा दिवस त्यांनी नातीला स्कूटरवर पुढं उभी करून गावभर फिरवलं.

मुलाखतीत शाळेच्या कन्नड मुख्याध्यापिका हिरेमठ मॅडमनी भगवं कार्ड दाखवलं.

"आपला!" ईश्वरी ओरडली.

पिवळं दाखवलं.

"त्यांचा!"

लाल दाखवलं.

"त्यो बी त्यांचाच!"

मंगलनं सासऱ्याकडं असं बघितलं की आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेली ॲडमिशन," ती पुटपुटली.

मॅडम उठल्या. त्यांनी केबिनचं दार लोटलं, परत येऊन बसल्या आणि फॉर्मवर सही केली.



"घाबरू नका अज्जा," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या नातीला पण आमच्या यजमानांनीच रंग शिकवलेत. ती सगळं बरोब्बर उलटं सांगते."