साडूसाठी टॉर्च

“हाही मिणमिणतोय,” म्हणत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने हातातला टॉर्च काउंटरवर ठेवला. “जरा दमदार काही दाखवा ना.”

दुकानदारीणबाई दुसरा खोका उघडू लागल्या. “कशासाठी हवाय, काका? कामासाठी की फिरायला?”

“दोन्हीसाठी. साडूला द्यायचाय. एरवी लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम आणि सुट्टीत तळ्याकाठी तंबू. पडला तरी फुटू नये, भिजला तरी चालावा. आणि उजेड कसा, लख्ख हवा.”

त्याची बायको शेजारी उभी होती. दुकानाची पायरी चढताना तो ठेचकाळला, तेव्हापासून तिने त्याची बाही सोडली नव्हती.

दोघे साडू एकाच कंपनीत, जोडीने काम करायचे. सुट्टी आली की दोन्ही कुटुंबं तळ्याकाठी जायची. साडू मोठा थट्टेखोर. तंबूचा खुंटा ठोकतानाही म्हणायचा, “हळू रे, जमिनीला लागेल!” दोघी बहिणी हसून हसून बेजार व्हायच्या.

मग तो प्रसंग घडला. शाफ्टमध्ये साडू टॉर्च धरून उभा होता आणि हा फळीवरून पुढे सरकत होता. फळी कुठे संपली ते याला दिसलंच नाही. पाय हवेत गेला. साडूने झडप घालून त्याला मागे ओढलं. हा वाचला, साडूचा खांदा मात्र निखळला.

आणि याने काय केलं? जीव वाचवणाऱ्यावरच तोंड टाकलं. तेही सगळ्यांसमोर.

“असला भिकार टॉर्च आणतोस? मला मारायला निघाला होतास का?”

साडू खांदा धरून नुसता बघत राहिला. नंतर तो साहेबांना भेटला आणि जोडी मोडली. याची रवानगी वर्कशॉपमधल्या टेबलावर झाली. साडूने चुगली केली म्हणून हा आणखीच भडकला. तंबू माळ्यावर गेले. बहिणी-बहिणी फोनवर बोलायच्या, तेवढंच.

राग ओसरला तसे ते शब्द त्यालाच खाऊ लागले. मारायला निघाला होतास का? जेवताना आठवलं की तो ताट तसंच सोडून उठायचा.

“आज जातोच त्याच्याकडे,” तो बायकोला म्हणाला. “पाय धरावे लागले तरी चालतील. टॉर्च खराब निघाला, त्यात त्याचा काय दोष?”

“नुसते जाऊन भेटू या ना,” बायको म्हणाली. “टॉर्च कशाला हवाय?”

“रिकाम्या हाताने कोणत्या तोंडाने जाऊ?”

दुकानदारीणबाईंनी वरच्या फळीवरून एक जाडजूड, धातूचा टॉर्च काढला. “बोगद्यात काम करणारे हाच नेतात. गाडीखाली आला तरी याला काही होत नाही. थांबा, पडदा ओढते, म्हणजे नीट कळेल.”

दुकानात अंधार झाला. त्याने बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर एक फिकट पिवळा ठिपका पडला. कडेने सगळं धुरकट.

त्याला एकदम थकल्यासारखं झालं. एवढं फिरून एक धड टॉर्च मिळू नये? साडूला काय देणार तो?

“छे! हाही तसलाच,” तो म्हणाला. “सेल उतरलेत का हो याचे?” आणि विचारता विचारता त्याने टॉर्च बाईंकडे वळवला.

“काका, खाली करा तो!” दुकानदारीणबाई दोन्ही हातांनी चेहरा झाकून ओरडल्या. “डोळे फुटतील माझे!”

बायकोने त्याच्या हातातून टॉर्च अलगद काढून घेतला आणि बंद केला.

“त्या दिवशीचा टॉर्चही चांगलाच होता हो,” ती म्हणाली. “तुमच्या डोळ्यांचं साहेबांना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला घरी बसवलं असतं, म्हणून भावोजींनी साहेबांना दुसरंच कारण सांगून तुम्हाला टेबलाचं काम मिळवून दिलं आणि दोष स्वतःवर घेतला.”