सगळे हात वर

सगळे हात वर गेले. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष पंजाबराव यांनी ते मोजलेही नाहीत. त्यांचा स्वतःचा हातसुद्धा वर होता. दुपारपासून सतरंजीवर बसून त्यांचे गुडघे आखडले होते. विषय एकदाचा मिटावा आणि घरी जाऊन पडावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

ग्रामपंचायतीच्या पायरीखाली हंसाबाई उभी होती. गावाबाहेरच्या तांड्यावरची, एकटी राहणारी बाई. तिच्या पायाशी कापसाचं लहानसं गाठोडं होतं. विठ्ठलरावांनी ते तिच्यासकट आपल्या वावरातून आणलं होतं.

गावाची जुनी रीत होती. कापसाचा शेवटचा वेचा झाला की मालक बांधालगतची एक पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उपटायचा आणि बांधावर आडवी टाकायचा. मग वावर मोकळं. झाडाला चिकटून राहिलेला, मातीत पडलेला कापूस ज्याला वावर नाही त्यानं वेचून न्यावा. याला सरवा म्हणत. हंसाबाईचं अर्धं वर्ष सरव्यावर निघायचं. पण विठ्ठलरावांच्या वावरात अजून एक वेचा बाकी होता.

"पऱ्हाटी आडवी होती जी," हंसाबाई म्हणाली. सकाळपासून ती एवढंच म्हणत होती.

"म्या उपटली नाही. घरच्यांनी उपटली नाही. सालदारानं उपटली नाही," विठ्ठलराव म्हणाले. "मंग काय तिले पाय फुटले?"

लोक हसले. ठराव असा होता, की यापुढे हंसाबाईनं शिवारात कोणाच्याच वावरात सरव्याला जायचं नाही. सगळ्यात आधी हात वर केला होता शेजारच्या वावरातल्या बापूजीनं. "आटपा बाप्पा लवकर," तो जांभई देत म्हणाला. "रोज पहाटे डुकरं हाकलू हाकलू जीव गेला माझा."

पंजाबरावांनी हात खाली घेतला. पण त्यांच्याच्यानं 'ठरलं' म्हणवेना. वर राहिलेल्या हातांकडे ते बघत राहिले आणि त्यांना जजसाहेब आठवले.

यवतमाळच्या कोर्टात पंजाबराव पट्टेवाले होते, तेव्हाची गोष्ट. साहेब कोकणातले यहुदी. मराठी तुमच्याआमच्यासारखं बोलायचे. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. एकदा संध्याकाळी फायली बांधताना त्यांनी सांगितलं होतं, "पंजाबराव, आमच्या जुन्या न्यायसभेत मरणाच्या शिक्षेचा खटला तेवीस जण चालवत. तेवीसच्या तेवीस जणांनी दोषी म्हटलं, तर माणसाला सोडून देत." पंजाबरावांना ते उलटंच वाटलं होतं. साहेब म्हणाले होते, "त्याच्या बाजूनं बघणारा एकही निघाला नाही, म्हणजे नीट बघितलंच नाही."

पंजाबरावांनी हे सगळं मंडळींना सांगितलं. दमलेल्या आवाजात, थांबत थांबत.

"पंजाबराव, कोठचं कोठं जोडून राह्यले तुम्ही!" विठ्ठलराव म्हणाले. "आपण इथं कोणाले फाशी देऊन राह्यलो काय?"

"सरवा बंद म्हणजे तिची चूल बंद. अजून काय राह्यलं मंग?"

"आता त्या यहुद्यांचा कायदा आपल्या गावाले लावता?"

"नाही लावत. पण मी बी हात वर केला ना भाऊ. काहून केला? गुडघे दुखून राह्यले म्हणून केला." पंजाबराव गुडघा चोळत म्हणाले. "एकानं तिच्याकडून बोला. कोणी बी बोला. मंग पुन्हा हात वर करू. तवा जे ठरन ते मले कबूल."

कोणी घड्याळाकडे बघितलं, कोणी चपलांकडे. चहाची वेळ टळून गेली होती. हंसाबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"च्यामायला, मीच बोलतो," बापूजी उठला. "नाही तं हा बुढा आपल्याले इथंच निजवते."

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून डोक्यावरून पदरासारखा घेतला. मंडळी हसू लागली. मंडळींतला किसनराव ओरडला, "वा, हंसाबाई! झ्याक दिसता!"

"चूप बसा रे," बापूजी बारीक आवाज काढून म्हणाला. "तं जी, मी हाय हंसाबाई. सकाळी निंगाली तांड्यावरून. हातात फडकं. नाल्याच्या अंगानं आली." तो पायरीसमोर ठुमकत चालू लागला. आता विठ्ठलरावांनाही हसू आवरेना. "पहिलं लागते बापूजीचं वावर. तिथं तं अजून कापूस फुटून राह्यला. तिथं नाही शिरली मी, बरं का! चोर असती तं तिथंच शिरली असती ना?"

"हां, हे बरोबर बोलला," कोणीतरी मागून म्हणालं.

"मंग आली विठ्ठलरावाच्या बांधावर. मोहाच्या झाडापाशी. पाह्यते तं काय..." बापूजीनं खाली वाकून जमिनीकडे बोट केलं. "पऱ्हाटी. मुळासकट उपटेल. आडवी."

तो वाकलेलाच राहिला. हसू हळूहळू विरलं. बापूजीनं डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि मुठीत धरला. पहिल्यांदाच तो हंसाबाईकडे नीट बघत होता. मग विठ्ठलरावांकडे वळला, आणि त्याचा आवाज त्याचा स्वतःचा झाला.

"विठ्ठलराव, तुमच्या वावरात शिरलं होतं ना डुक्कर आज पहाटे... हातात काठी नव्हती, म्हणून मीच उपटलती ते पऱ्हाटी. अन् काम झाल्यावर देल्ली फेकून बांधावर."