आठ दिवसांचं काम

नंदाखाल गावाच्या नाक्यावर जितेश शिडीवर चढून फ्लेक्सचा चौथा कोपरा बांधत होता. फ्लेक्सवर भूपेशचा गणवेशातला फोटो, आणि त्याच्या दुप्पट मोठा जितेशचा, हात जोडलेला. महापालिकेची निवडणूक जवळ आली होती. वर मजकूर : 'परदेशात शांतता नांदवायला निघालेल्या गावच्या सुपुत्रास विजयी शुभेच्छा.' जाणार भूपेश, छाती फुगलेली जितेशची.

खाली भूपेशचा आजा आत्माराम उभा होता. वाडीतून तसाच आलेला, हातात केळी उतरवायचा कोयता. तरुणपणी फौजेतून असल्याच कामाला तो श्रीलंकेत गेला होता आणि एक पाय कायमचा ताठ करून परतला होता.

"आजोबा, टेन्शन नाय घ्यायचं," जितेश वरून ओरडला. "आपली आर्मी आहे. आठ दिवसांत मिटवून येतील पोरं."

"आमाला पन आठच सांगितले होते."

"मग?"

"पैल्या दिवशी हार घातले. दोन-अडीच महिन्यांनी त्याच दारांतून गोळ्या आल्या. भांडन त्यांचं, मेले आमचे. काम संपलं कधी म्हनायचं, ते आमच्या सायबाला पन ठाऊक नव्हतं."

"पण हरलात थोडी?"

"जिंकलो असतो तर आमचा पन फ्लेक्स लागला असता की. बघितलास कुठं?"

जितेशनं गाठ मारली.

तेवढ्यात गल्लीतून भूपेशची आई धावत आली. पायात चप्पल नाही, हाताला पीठ, पिठाच्या हातातच मोबाईल.

"बाबा! नाय चालला तो! सरकारनं नाय म्हटलं. अख्खी पलटण बराकीतच राहणार. आताच बोलला. डाळभात खातोय म्हणाला."

"परत सांग, विनया."

"डाळभात खातोय."

आत्माराम सगळ्या अंगानं शिडीला टेकला. शिडी हलायला लागली.

"ओ आजोबा, पडेन मी!" जितेशनं खांबाला मिठी मारली. "आणि आता ह्या फ्लेक्सचं काय करू? उद्या सत्कार ठेवलाय, पक्षाच्या साहेबांना बोलावलंय."

"तू खाली ये पैला."

जितेश उतरला. आत्मारामनं कोयता उचलला आणि खालच्या दोऱ्या सपासप तोडल्या. मग ताठ पाय ओढत शिडीवर चढून वरच्या. फ्लेक्स धाडकन रस्त्यावर पडला. विनया इतकी हसली की तिला नाक्याच्या कट्ट्यावर बसावं लागलं.

दुपारी फ्लेक्स आत्मारामच्या गळक्या गोठ्यावर चढला. जितेशच्या हात जोडलेल्या फोटोचा तुकडा आधीच कापून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला होता.

विनयानं खालून विचारलं, "बाबा, भूपेशचं तोंड वर ठेवताय की आत?"

"आत," आत्माराम म्हणाला. "घरातला एक बाहेर जाऊन आलाय. पुरे."