सुदैवाने

"हे कोणी लिहिलं?"

तिने कालचं वर्तमानपत्र उपसंपादकाच्या टेबलावर उघडं टाकलं. शेजारी पिशवी ठेवली. कारखान्याच्या फाटकावर नुकतीच तिच्या हातात दिलेली. आत बाबांच्या चपला, चष्मा आणि जेवणाचा डबा.

बातमी चार ओळींची होती. बॉयलरचा स्फोट, एक कामगार ठार. 'सुदैवाने इतर कामगार जेवणाच्या सुट्टीवर असल्याने मोठी जीवितहानी टळली.'

"मीच लिहिलं," तो म्हणाला. "काही चुकलंय का, ताई?"

"सुट्टी झालीच नव्हती. माझ्या बाबांनी हाकललं सगळ्यांना. दाबाचा काटा चढताना दिसला तसे ओरडले, 'व्हा बाहेर मेल्यांनो, बापाचं लग्न लागलंय का इथे!' आणि स्वतः वाफ सोडायला आत थांबले. ती सगळी माणसं काल आमच्या घरी येऊन रडली."

"कंपनीने आम्हाला सुट्टीचंच कळवलं होतं. आणि 'सुदैवाने' हा तर आमचा नेहमीचा शब्द आहे हो."

"चहासारखा," पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. "दिवसातून चार वेळा लागतो." दोघं-तिघं हसले.

"माहीत आहे. कालपासून तेच वाचतेय." तिने पान उलटलं. "शाळेची भिंत कोसळली, सुदैवाने मुलं मैदानात होती. मुलांना मैदानात कोणी नेलं होतं?"

"ते... नाही माहीत."

"पूल वाहून गेला, सुदैवाने बस पुलाच्या अलीकडेच थांबली होती. बस आपोआप थांबते?"

"ताई, ऐका..."

"मंत्र्यांच्या गाडीला ट्रकची धडक. सुदैवाने मंत्री बचावले, चालक गंभीर. चालकाने गाडी कुठल्या बाजूला वळवली, धडक कोणी अंगावर घेतली, विचारलंत?"

तिचा आवाज चढला नव्हता. बोट मात्र इतकं दाबलेलं होतं की त्या ओळीखाली कागद फाटला.

"जागा नसते हो," तो म्हणाला. "चार ओळींत काय काय बसवणार?"

"बाबांचं नाव. बसलं असतं. दोनच शब्दांचं आहे."

तो ओशाळला. माणूस वाईट नव्हता. "खुलासा छापतो. उद्याच्या अंकात, नावासकट." त्याने कीबोर्ड पुढे ओढला, भराभर टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "'कामगार सुट्टीवर नव्हते. सुदैवाने एका ज्येष्ठ कामगाराच्या बिघाड वेळीच लक्षात आल्याने...' ठीक आहे ना?"

मान वर करून तो तिच्या होकाराची वाट पाहू लागला.

तिने पिशवीतून डबा काढला आणि कीबोर्डवर ठेवला.

"उघडा."

"अहो, हे कशाला..."

"सगळे जेवायला गेले होते ना? उघडा."

त्याने कडी काढली. परवा सकाळी आईने भरलेलं जेवण. एक घासही कमी झालेला नव्हता. आंबूस वास टेबलाटेबलांवरून पसरत गेला. चहाचा विनोद करणाऱ्याने नाकाला रुमाल लावला.

"आता लिहा," ती म्हणाली.