आईच्या चार आया

जुन्या पत्रांतून चौथी आजी निघाली तेव्हा थोरलीने पेन्सिल टेबलावर आपटली. माणसाला आईची आई एकच असते, एवढं तरी तिला आजवर पक्कं ठाऊक होतं.

समोर मोठा कागद पसरला होता. नकाशे काढण्यात तिची सारी नोकरी गेली होती. डोंगर, ओढे, हद्दी, सगळं तिने बारीक रेघांत बसवलं होतं. आणि आता आईच्या माहेरची चार माणसं एका कागदावर बसायला तयार नव्हती. वडिलांची बाजू केव्हाच काढून झाली होती, डावीकडे ऐसपैस पसरली होती. उजवीकडे आई, आईच्या वर आजी, आणि आजीच्या जागी खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं.

रविवारी आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी हा कागद फ्रेम करून आईला द्यायचा, आणि जमलंच तर तिच्या माहेरचं एखादं जिवंत माणूस शोधून समोर उभं करायचं, असं थोरलीने ठरवलं होतं. वडिलांकडच्या बायकांनी आईला जन्मभर टोचलं होतं, 'हिच्याकडचं कोणी कधी दारात दिसलं नाही.' आई त्यावर हसून चहा टाकायला जायची. थोरलीला मात्र ते अजून झोंबायचं.

आईकडचं म्हणून जे काही होतं ते एका पत्र्याच्या डब्यात होतं. आजीची जुनी पत्रं. लहानपणी सुट्टीच्या दुपारी आई त्यातलं एखादं वाचून दाखवायची. 'थंडीत कानाला बांधत जा.' 'रागावून उपाशी झोपू नकोस.' कधी न पाहिलेल्या त्या आजीवर थोरलीचा फार जीव होता. डबा मात्र आई कुणाच्या हाती देत नसे. परवा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली, आणि थोरलीने पहिल्यांदाच तो स्वतः उघडला. तिथून डोकेदुखी सुरू झाली.

एका पत्राची सुरुवात 'चि. बाळीस', दुसऱ्याची 'चि. ठकूस', तिसऱ्याची 'चि. छबूस'. लाडाची नावं असतील म्हणून तिने तिकडे काणाडोळा केला. पण एका पत्रात आजोबा वारले होते, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रात तेच आजोबा छपरावर चढून गळती काढत होते. एक आजी लिहीत होती की तुला पाठचा भाऊ नाही याचं वाईट वाटतं. दुसरीला तीन मुलगे होते आणि तिघंही तिचं ऐकत नव्हते. अक्षर प्रत्येकीचं वेगळं. थोरलीने एक सावत्र आजी कल्पून पाहिली, तारखा मागेपुढे सरकवून पाहिल्या. काही केल्या जुळेना. विचारावं तर आई ताकास तूर लागू देत नव्हती. 'असेल बाई काहीतरी, जुन्या गोष्टी,' म्हणायची आणि कूस बदलायची.

शेवटी थोरली कागद, पत्रं, सगळं उचलून आईच्या खोलीत गेली. आई खुर्चीत रेडिओ ऐकत बसली होती.

"आई, यातली तुझी आई कोण, ते एकदाचं सांगून टाक. माझ्या नाकी नऊ आलेत."

"राहू दे ना तो कागद. केक आण त्यापेक्षा."

"केकचं मी बघते. पाकिटं कुठे आहेत ते सांग. एखाद्या तरी पाकिटावर पत्ता असेल. अख्खी नोकरी पोस्टात केलीस आणि एक पाकीट जपता आलं नाही तुला?"

आईने चाचपडत रेडिओ बंद केला.

"पाकिटं घरी आणता येत नव्हती," ती म्हणाली. "ती ऑफिसात जमा करावी लागायची."

"कसली जमा?"

"पत्ता चुकलेली, माणूस न सापडलेली पत्रं आमच्या खोलीत यायची. फोडून बघायचं, आत लिहिणाऱ्याचा काही ठावठिकाणा आहे का. असला तर परत पाठवायची. नसला तर काही दिवस ठेवून जाळायची. आयांनी लेकींना लिहिलेली माझ्याच्याने जाळवेनात. पाकीट जमा करायचे आणि कागद पिशवीत टाकायचे."

थोरलीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि डोकं आणखी भडकलं.

"म्हणजे ही आजी आपली नाहीच? एकही नाही?"

"मला अनाथ मुलांच्या संस्थेच्या दारात कोणी ठेवलं ते संस्थेलाही माहीत नव्हतं. तुझ्या बाबांना लग्नाआधीच सांगितलं होतं मी."

"आणि आम्हाला? परक्यांची पत्रं आजीची म्हणून वाचून दाखवलीस! का?"

आईने हात पुढे केला. थोरलीने रागारागाने पत्रं तिच्या हातात कोंबली. पट्टीखालून काही दिसत नव्हतं, तरी आईने ती एकेक करून सरळ केली.

"त्यांची पत्रं घ्यायला कोणी नव्हतं गं," ती म्हणाली, "आणि मला लिहायला कोणी नव्हतं."