दुसऱ्यांदा बोहल्यावर

बद्रीनाथची किडनी बदलायची ठरली, खर्चाचं काही जमेना. गडी मानी, कुणापुढं हात पसरायला बिलकुल तयार नाही. बायको दैवशाला मात्र हिशेबाला पक्की. मूलबाळ नसल्यानं या जोडप्यानं केदारखेड्यातल्या लग्नालग्नात तीस वर्षं आहेर नुसता दिला होता. परत यायला घरात कार्यच नव्हतं. तिनं पत्रिकाच छापल्या: नवरा तोच, नवरी तीच. "लाज वाटून राह्यली," बोहल्यावर बद्रीनाथ पुटपुटला. "मागल्या लग्नात मला वाटली. आता तुमची पाळी." गाव हसत आलं आणि ज्यानं त्यानं आहेर व्याजासकट फेडला. शेवटी शाळेवर नवीन आलेल्या मास्तरांनी पाकीट पुढं केलं. बद्रीनाथनं हात मागं घेतला. "यांच्याकडं आपलं काहीच येणं न्हाई." दैवशालानं पाकीट घेतलं, वहीत नाव लिहिलं. "मास्तरांची पोरगी दोन वर्षांची हाय. तिच्या लग्नात हा आहेर तुम्हीच फेडायचा."